सरासरी गाठली, वाफसा हुकला

‘पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही,’ असं मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी सांगतो, तेव्हा आकडे पाहणारा बुचकळ्यात पडतो. इथली पावसाळी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि एकूण पाऊस सरळ घटत चाललाय असं नोंदी ठामपणे म्हणत नाहीत. मग शेतकऱ्याची आठवण दगा देते का? मला तसं वाटत नाही. त्याचं माप वेगळं आहे. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि खाली टाकायचा. भुगा झाला तर वाफसा, चपटा बसला तर अजून थांबायचं. पेरणी, कोळपणी, सगळं या मुठीवर ठरतं. त्यामुळे किती पडला याच्याइतकंच, किती दिवसांच्या अंतराने पडला हे त्याच्या लक्षात राहतं.

आणि बिघाड नेमका तिथेच आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडकडे उभं सोयाबीन पाण्यात गेलं. काळी जमीन खंडात भेगाळते आणि झडीत चिबडते. दोन्हीकडून मरण मुळांचंच.

यावर एक आक्षेप खरा आहे: पाऊस बदलला तसं पीकही बदललं. ज्वारी, बाजरी ताण सोसायची. सोयाबीन फुलोऱ्यात पाण्याला महाग झालं की शेंगा धरत नाही. पण हा बदल शेतकऱ्याने हौसेने केला नाही, रोख पैसा त्याच पिकात होता. राज्यातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर (कृषिगणना 2015-16). एवढ्याशा रानात तो एक पट्टा तुरीचा ठेवतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईतो पेरणी रोखतो, रुंद वरंबा-सरीवर पेरतो. तरी खंड पडला की दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीनेच येतं. या खंडाचा हिशेब निदान पीक विम्यात होता: 21 दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर आगाऊ भरपाई मिळू शकायची. 2025 च्या खरिपापासून राज्याने ती तरतूद काढली. ती परत आणायला हवी.