चंडीगढच्या सेक्टर 32 मधील मानसशास्त्रज्ञ: उपचार, अध्यापन आणि हक्कांचा प्रश्न

चंडीगढच्या सेक्टर 32 मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय 1991 मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली पुढे ज्या मोजक्या संस्थांना उत्कृष्टता केंद्र म्हणून निवडण्यात आले, त्यांत येथील मनोविकार विभाग आणि पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था या दोहोंचा समावेश होता. या योजनेचा हेतू खाटा वाढवण्याचा नव्हता, तर मनुष्यबळ घडवण्याचा होता. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आणि परिचारिका हे चार घटक त्यात गृहीत धरलेले होते.

यांपैकी मानसशास्त्रज्ञाच्या कामाविषयी लोकांच्या मनात सर्वाधिक गोंधळ असतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषधे लिहून देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. संवादातून विचार व वर्तनात बदल घडवणे, कुटुंबीयांना समुपदेशन करणे आणि चाचण्यांद्वारे मूल्यमापन करणे हे त्याचे काम होय. या पदनामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता लागते. बहुतेकांनी आजवर ती दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून मिळवली.

अध्यापनाचे महत्त्व येथेच आहे. ‘निम्हान्स’ने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना त्या काळात मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. (या 12 राज्यांत पंजाब होते, महाराष्ट्र नव्हते.) ही तूट भरून काढायची तर रुग्ण तपासणाऱ्यांनीच विद्यार्थीही तयार करावे लागतात. त्यातच नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.फिल. पदवी बंद झाली. चिकित्सालयीन मानसशास्त्रासाठी अपवाद करून 2025-26 च्या प्रवेशांपर्यंत मुदत देण्यात आली. पर्यायी अभ्यासक्रमांतही प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे प्रशिक्षण तितकेच कसून होणार का, हा प्रश्न गौण नाही.

मूल्यमापन हे बाहेरून तांत्रिक दिसणारे काम. बुद्धिमापनाच्या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. भारतीय मुलांसाठीची मालिन चाचणी 1969 ची, आणि मालिन यांचे कार्यक्षेत्र होते नागपूर. परंतु चाचणीच्या आकड्यावर माणसाचे किती काही अवलंबून असते, हे चंडीगढमधीलच एका प्रकरणाने दाखवून दिले.

2009 च्या मे महिन्यात तेथील शासकीय कल्याण संस्थेतील एक तरुणी गर्भवती असल्याचे उघडकीस आले. तिच्यावर बलात्कार झाला होता. सेक्टर 32 च्या रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाने तिची मानसिक स्थिती तपासली आणि सौम्य स्वरूपाची बौद्धिक अक्षमता असल्याचा निष्कर्ष दिला. तिचे मानसिक वय सुमारे नऊ वर्षांचे असल्याचा मुद्दाही न्यायालयीन कामकाजात आला. प्रशासन न्यायालयात गेले आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने जुलैमध्ये गर्भपाताचा आदेश दिला. मूल हवे, असे ती स्वतः सांगत होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. 28 ऑगस्ट 2009 च्या निकालात न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश फिरवला. गर्भपात कायद्यात ‘मानसिक आजारी’ स्त्रीच्या वतीने पालक संमती देऊ शकतो. मात्र त्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळलेली आहे. ही स्त्री सज्ञान होती. त्यामुळे तिची संमती टाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मूल होऊ देण्याचा वा न देण्याचा निर्णय हा घटनेच्या कलम 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचेही स्पष्ट केले.

म्हणजे ‘आजार’ आणि ‘अक्षमता’ या दोन शब्दांतील फरकावर एका स्त्रीचा हक्क टिकला. कुणाला काय झाले आहे, हे अहवालात लिहिणे सोपे असते. ती व्यक्ती काय समजू शकते आणि काय ठरवू शकते, हे लिहायला अधिक वेळ आणि अधिक धीर लागतो. विद्यार्थ्यांना शिकवायचे ते हेच, आणि हक्कांची बाजू मांडण्याचे कामही भाषणांपेक्षा अशा अहवालांतूनच अधिक होते.

मे 2018 मध्ये अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्येही बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार मानलेले नाही. मानसिक आजार असलेल्यांबाबत त्याचे चौथे कलम सांगते की, उपचारांविषयी एखाद्याने घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही.