ठोसा आणि परत येणारा हात

आपल्या मराठवाड्याला बळाच्या उपासनेची परंपरा नवी नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात होला मोहल्ल्याला गतक्याचे खेळ रंगतात. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडने रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार दिले. नांदेडशेजारच्या निजामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूल येथे मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. आता व्यापारी घरांतील मुलीही संध्याकाळी कराटे, तायक्वांदो किंवा मुष्टियुद्ध शिकायला जातात.

माझ्या नातीने दोन वर्षे कराटे शिकून पट्टा मिळवला. एकदा तिने जड पिशवीवर जोराने ठोसा मारला आणि मनगट मुरगळले. हवेत मारलेला ठोसा आणि वस्तूवर बसणारा ठोसा यांतील अंतर त्या दिवशी कळले.

ठोसा केवळ हाताचा नसतो. मागच्या पायाची टाच वळते, कंबर फिरते, मग खांदा आणि शेवटी मूठ पुढे जाते. अंगठा मुठीबाहेर, मनगट कोपरापासून सरळ रेषेत आणि आघात तर्जनी-मध्यमेच्या गाठींवर हवा. तो करंगळीकडे घसरला, तर तिथले नाजूक हाड मोडू शकते. म्हणूनच मुष्टियोद्धे हातमोज्यांच्या आत पट्टी गुंडाळतात.

प्रत्येक विद्येची शिस्त मात्र वेगळी. कराटेच्या प्राथमिक सरावात एक मूठ पुढे जाताना दुसरी कमरेशी ओढली जाते. तायक्वांदोच्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा मारण्यास मनाई असते. भर लाथेवर असतो. मुष्टियुद्धात लाथ नाही. एक हात मारतो, दुसरा हनुवटी राखतो आणि मारणारा हात त्याच वाटेने तत्काळ परत येतो. अर्थात डोक्यावर बसणाऱ्या ठोशांची जोखीमही येथे अधिक.

“अहिंसा पाळणाऱ्या घरात ठोसे कशाला?” असे नातीच्या आजीने विचारले. आपल्या आचार्यांनी संकल्पी हिंसा आणि विरोधी हिंसा यांत भेद केला आहे. श्रावकाला त्याज्य आहे ती हेतुपुरस्सर हिंसा. स्वसंरक्षणाचा प्रसंग निराळा. शिवाय मुष्टियुद्धाचे निम्मे शिक्षण स्वतःला राखण्याचेच असते.

पालकांनी वर्गात नाव घालण्यापूर्वी एक संध्याकाळ तेथे बसावे. हाताला पट्टी बांधायला शिकवतात का, पिशवीवर सराव घेतात का, लहान मुलांना डोक्यावर ठोसे खायला लावत नाहीत ना, हे पाहावे. भिंतीवरील पदकांपेक्षा मुलांच्या दुसऱ्या हाताकडे लक्ष द्यावे. तो हनुवटीशी असेल, तर शिक्षक जाणता आहे असे समजावे.