मुलगा की मुलगी? वाळूला विचारा!

एक्स आणि वाय ही गुणसूत्रं तुम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटली असतीलच. आईकडून बाळाला नेहमी एक्स मिळतो. बाबांकडून कधी एक्स येतो, कधी वाय. एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. बाळ टाचणीच्या टोकाएवढंही नसतं, तेव्हाच हा निकाल लागलेला असतो. (मुलगी झाली म्हणून अजूनही आईला बोल लावणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना एवढा भाग मोठ्याने वाचून दाखवा!)

कोंबड्यांमध्ये हे काम आईकडे असतं. मधमाश्यांची तर कमालच. नर मधमाशीला बाबा नसतातच, पण आजोबा असतात! कारण राणीच्या फलन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो, आणि राणीला मात्र बाबा असतात. डोकं गरगरलं ना? पण नीट बघा, इथेही ठरतं ते आईबाबांकडून काय आलं किंवा काय आलं नाही यावरच.

आता जरा कोकणात या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ले अशा गावांच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत रात्री ऑलिव्ह रिडले कासविणी येतात. मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, मडक्यासारखा खड्डा करतात, त्यात शंभरेक अंडी घालतात, वाळू थापटतात आणि निघून जातात. परत बघायलासुद्धा येत नाहीत. कुत्री, कोल्ही अंडी उकरून खाऊ नयेत म्हणून गावातले कासवमित्र ती लवकरात लवकर उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत पुरतात. तेही फार जपून. अंडं उलटंपालटं झालं, तर आतला जीव दगावू शकतो.

या शंभर अंड्यांत नर किती, माद्या किती? अंडी घातली त्या रात्री या प्रश्नाला उत्तरच नसतं! समुद्री कासवांमध्ये आपल्या एक्स-वायसारखी ठरवणारी गुणसूत्रांची जोडीच नसते. पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. त्यातल्या मधल्या दिवसांत वाळू किती तापलेली आहे, त्यावर हे ठरतं. साधारण २९-३० अंश सेल्सिअसला निम्मे नर, निम्म्या माद्या. वाळू त्याहून गार असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त. आई तीच, बाबा तेच. पण एक घरटं करंजाच्या सावलीत आणि दुसरं भर उन्हात असेल, तर पिल्लांचा हिशोब पार बदलतो.

हे होतं कसं? समजा, प्रत्येक पिल्लाजवळ नर होण्याची आणि मादी होण्याची अशा दोन्ही पाककृती लिहिलेल्या आहेत. वारसा म्हणजे ती वही. पण कुठलं पान उघडायचं, हे ऊब ठरवते. वाळू गरम असली की अरोमाटेझ नावाचं विकर जोरात कामाला लागतं, मादीची संप्रेरकं तयार करतं आणि पिल्लात अंडाशय घडतं. गार वाळूत ते सुस्त पडून राहतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांची ही गंमत पहिल्यांदा लक्षात आली ती कासवांत नव्हे, सरड्यात. आफ्रिकेतल्या सेनेगल देशात मॅडलिन शार्निए या संशोधिकेने १९६६ साली ती टिपली. आणि गंमत म्हणजे तिच्या सरड्यांत उबदार अंड्यांतून नर निघाले होते! आपल्या नद्यांतल्या मगरींचंही तसंच काहीसं. गार घरट्यात माद्या, ३२ अंशांच्या आसपास नर. म्हणजे निसर्गाने सगळ्यांना एकच नियम वाटलेला नाही.

ही माहिती नसताना माणसांनी भलताच घोळ घातला होता. काही देशांत कासवं वाचवायची म्हणून अंडी थर्माकोलच्या खोक्यांत ठेवत. खोकं किनाऱ्यावरच्या वाळूपेक्षा जरासंच गार. तेवढ्यानेही नरांची संख्या वाढली!

आता भीती आहे ती उलटी. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या समुद्री कासवांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली मोठी कासवं शंभरातली सुमारे ८७ माद्या होती. आणि लहान कासवं? शंभरातली ९९! हवा तापते, वाळू तापते, नर घटतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे माद्या थोड्या जास्त असल्या तर बिघडत नाही. पण अगदीच नर नसतील तर अंड्यांतून पिल्लं यायची कशी? शिवाय वाळू फारच तापली तर अंडी आतच मरतात. म्हणून ठिकठिकाणी घरट्यांवर सावली करून, पाणी शिंपडून वाळू गार ठेवण्याचे प्रयोग होतात.

वेळासच्या कासव महोत्सवाला गेलात, तर हॅचरीतल्या घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर वाळूतून वर येणारी तळहातापेक्षा लहान पिल्लं बघायला मिळतील. त्यातला नर कुठला, हे कासवमित्रांना विचारू नका. बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. मोठा झाल्यावर नराची शेपटी लांब होते, तेव्हा कुठे फरक दिसतो. पण एकदा समुद्रात शिरलेला नर सहसा पुन्हा किनाऱ्यावर येतच नाही. अंडी घालायला येतात त्या फक्त माद्या.