सोल्डरिंगचे काम : चमकणारा डाख पक्का असेलच असे नाही

रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणारे आमच्या वस्त्यांतले अनेक तरुण आता चार्जर, इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांच्या बोर्डांकडे वळले आहेत. त्यांचा हात चांगला चालतो. पण कारखान्याचे जॉबवर्क घेतले की माल परत येतो, मजुरी कापली जाते. कारण बहुधा एकच : डाख वरून लागलेला, आतून सुटा.

कल्हईवाला भांड्यावर नवसागर का टाकतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. तांब्यावरचा मळ निघाल्याशिवाय कथील धरत नाही. बोर्डावर हेच काम राळेचा फ्लक्स करतो. मात्र नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचे तेजाब इथे मुळीच चालत नाही. उरलेला अंश ओल धरतो आणि हळूहळू तांब्याची रेघ खाऊन टाकतो. तोवर बिल वसूल झालेले असते, पण गिऱ्हाईक पुन्हा दारात.

दुसरी खोड म्हणजे आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून त्याचा थेंब सांध्यावर ठेवणे. त्यातला फ्लक्स वाटेतच धूर होऊन जातो. टोक एकाच वेळी पॅडला आणि पार्टच्या पायाला टेकवावे, मग सोल्डरची तार सांध्याला लावावी. दोन-तीन सेकंद पुरतात. आधी तार काढावी, नंतर आयर्न, आणि डाख गोठेपर्यंत पार्ट हलवू नये. 63 टक्के कथील व 37 टक्के शिसे असलेले सोल्डर 183 अंश सेल्सिअसला एकदम गोठते. 60-40 मध्ये थोडा वेळ लापशीसारखी अवस्था असते. तेव्हा हात हलला की डाख कच्चा.

चांगला डाख पॅडवर पसरत कडेला पातळ होतो. गोळीसारखा बसलेला धरलेला नसतो. चमकेवर मात्र विसंबू नये. युरोपने 1 जुलै 2006 पासून शिशावर निर्बंध घातल्यामुळे तिकडे जाणाऱ्या बहुतेक मालाला शिसेविरहित सोल्डर लागते. ते 217 अंशांच्या आसपास वितळू लागते आणि त्याचा उत्तम डाखही मंद, दाणेदार दिसतो.

आयपीसी-ए-610 या मानकात मालाचे तीन वर्ग आहेत. पहिला साधा, दुसरा सतत चालणारा, तिसरा जीवरक्षक यंत्रांसारखा, जिथे बंद पडणे परवडत नाही. दर ठरवण्याआधी वर्ग लेखी विचारून घ्यावा. पहिल्याच्या दरात तिसरा मागणारे व्यापारी भेटतात. त्यांना सरळ नाही म्हणावे, असे आमचे मत आहे.

शिशाच्या कामानंतर चहाला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, आणि घरी काम करणाऱ्यांनी हे टेबल मुलांच्या अंथरुणापासून दूर ठेवावे.