परवलीचा शब्द आणि त्याची राखण

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने शहर मागे पडले की सिलतऱ्याची उद्योगवसाहत लागते. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलादाच्या गिरण्या, उंच धुराडी आणि मालमोटारींच्या रांगा असे तिचे रूप आहे. कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी असतो. तो येणाऱ्याचे नाव विचारतो, नोंदवहीत सही घेतो आणि जाणाऱ्या गाडीचा कागद पाहिल्यावाचून अडसर वर करीत नाही. लोखंडाची राखण कशी करावी हे माणसाला पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता अशाच एखाद्या कारखान्याच्या कचेरीची कल्पना करावी. तेथील हिशेबनीस मराठी आहे असे मानायलाही हरकत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, आणि १९५६ पर्यंत रायपूरची राजधानीही नागपूरच होती. या हिशेबनिसाला दिवसभरात अनेक दारे उघडावी लागतात. जीएसटीचे विवरण, माल हलवण्यापूर्वीचे ई-वे बिल, बँकेचे खाते, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, राज्य कामगार विमा, विजेचे देयक, आणि शिवाय स्वतःची टपालपेटी व रेल्वेचे तिकीट. प्रत्येक दाराशी परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, विचारला जातो. इतके शब्द लक्षात राहत नाहीत, म्हणून त्याने मुलीचे नाव व तिचे जन्मवर्ष जोडून एकच शब्द केला आहे आणि तोच सर्वत्र दिला आहे. फाटकावर एवढा कडक पहारा. आणि आतल्या सगळ्या कुलुपांना मात्र एकच किल्ली!

यात धोका नेमका कोठे आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. कोणी चतुर चोर कारखान्याच्या खात्यापुढे बसून शब्दांचा अंदाज बांधील, ही भीती त्या मानाने लहान आहे. चोरी बहुधा दुसरीकडेच होते. २००९ साली रॉकयू नावाच्या एका परदेशी कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीस गेले. ते कोणत्याही आवरणावाचून, जसेच्या तसे साठवलेले होते, आणि त्यांत सर्वाधिक आढळलेला शब्द होता १२३४५६. लिंक्डइनवर २०१२ साली दरोडा पडला, आणि त्यातील सुमारे ११ कोटी ७० लाख खात्यांचा ऐवज २०१६ साली चोरबाजारात विक्रीस आला. असा ऐवज हाती पडला की चोर यंत्रांकरवी त्यातील नाव आणि शब्द यांची जोडी बँका, टपालपेट्या व दुकाने यांच्या दारांशी लावून पाहतो. ज्याने सर्वत्र एकच शब्द वापरला, त्याचे प्रत्येक दार उघडते.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका मराठी माणसाला सांगावयास नको. दरवाजे बंद होते, पहारे जागे होते, तरी कड्याची एक बाजू मोकळी होती. शब्द एकच असला की बँकेची मजबुती बँकेच्या हाती राहत नाही. तो शब्द ज्या सर्वांत दुबळ्या दुकानात दिला असेल, त्या दुकानाच्या कड्यावर ती अवलंबून राहते.

सावध संस्था मूळ शब्द साठवीत नाहीत. गणिताच्या एका क्रियेने त्याचे रूपांतर करून तेवढेच जवळ ठेवतात. त्याला हॅश म्हणतात. धान्याचे पीठ होते, पिठाचे धान्य होत नाही, तशीच ही एकमार्गी क्रिया आहे. पण चोरालाही जाते मिळते. तो एकेक अंदाज दळतो आणि आपले पीठ चोरलेल्या पिठाशी ताडून पाहतो. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सुमारे २०,८८२ कोटी शब्द होतात. संख्या मोठी वाटते. परंतु संस्थेने दळण्याची सोपी रीत वापरली असेल, तर सेकंदाला १,००० कोटी अंदाज करणाऱ्या यंत्राला ते सारे तपासण्यास २१ सेकंद पुरतात. मुलीचे नाव आणि जन्मवर्ष ही तर अंदाजाच्या यादीत अगदी वरच्या ओळींतच असतात.

तेव्हा प्रत्येक दाराला वेगळा शब्द हवा, आणि तो लांब व अर्थहीन हवा. येथे माणसाची स्मरणशक्ती हात टेकते, आणि त्यात तिचा दोष नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सामायिक संगणकावर पासवर्डाची योजना केली, तेव्हा एका माणसाला एकच शब्द सांभाळायचा होता. पुढे एकाचे शंभर झाले. खुद्द कोर्बातो यांनीही उतारवयात, २०१४ साली, ही व्यवस्था दुःस्वप्नासारखी झाल्याची कबुली दिली.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. ही शब्दांची तिजोरी होय. प्रत्येक खात्यासाठी ती स्वतःच एक लांब, विस्कळीत अक्षरांचा शब्द तयार करते, तो साठवते आणि वेळ आली की योग्य जागी भरते. मालकाने लक्षात ठेवायचा तो एकच, तिजोरी उघडण्याचा मुख्य शब्द. त्या शब्दावर यंत्र तीच क्रिया लाखो वेळा करून एक किल्ली घडवते, आणि त्या किल्लीने आतील सर्व मजकूर कूटलिपीत बंद करते. चांगल्या रचनेत मुख्य शब्द तिजोरी पुरवणाऱ्या कंपनीलाही कळत नाही. कीपास व बिटवॉर्डन ही या प्रकारची साधने विनामूल्य मिळतात आणि त्यांची घडण कोणासही तपासता येते. अँड्रॉइड व अॅपलच्या फोनांतही अशी सोय अंगचीच असते.

या तिजोरीचा आणखी एक गुण सहसा ध्यानात येत नाही. बँकेच्या पानासारखे हुबेहूब खोटे पान रचून ग्राहकाकडून शब्द काढून घेणे, हा आजचा नेहमीचा डाव आहे. माणसाचा डोळा रूपाला फसतो. तिजोरी रूप पाहत नाही, पत्ता पाहते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी ती शब्द भरीत नाही. ती गप्प राहिली की मालकाने थांबावे, यातच शहाणपण आहे.

सगळे एकाच जागी ठेवणे धोक्याचे नाही काय, असा आक्षेप साहजिक आहे, आणि तो निराधार नाही. २०२२ साली लास्टपास या प्रसिद्ध कंपनीकडून ग्राहकांच्या बंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. ज्यांचा मुख्य शब्द भक्कम होता त्यांच्या तिजोऱ्या फोडणे दुरापास्त होते. ज्यांचा दुबळा होता त्यांच्यावर मात्र संकट होते. या घटनेचा बोध असा की सारा भार मुख्य शब्दावर आहे. तो एक शब्द नसून शब्दांची माळ असावी. १९९५ साली आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी सुचविलेल्या पद्धतीत ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून शब्द निवडतात. अशा सहा शब्दांच्या माळा इतक्या होतात की वर सांगितलेल्या यंत्राला त्या सर्व तपासण्यास सुमारे ७ लाख वर्षे लागतील. निवड मात्र फाशांची हवी. आवडत्या अभंगाचा चरण किंवा म्हण घेतली, तर ती चोराच्या यादीतही असू शकते.

याच्या जोडीला तिजोरीला व बँकेच्या खात्याला दुसरा अडसर लावावा, म्हणजे शब्दानंतर फोनवरील तात्पुरता आकडाही विचारला जाईल. तो आकडा व यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नये. दर महिन्याला शब्द बदलण्याचा जुना दंडक आता मागे पडला आहे. तसा बदल सक्तीने करवू नये, चोरीचा पुरावा दिसला तरच करवावा, असे अमेरिकेच्या मानके ठरविणाऱ्या संस्थेने २०१७ साली सांगितले. ज्यांना तिजोरी वापरणे जड जाते अशा वृद्धांनी घरच्या कपाटातील वहीत वेगवेगळे शब्द लिहून ठेवले, तरी ते सर्वत्र एकच शब्द वापरण्याहून बरे.

कचेरीसाठी एक नियम अधिक पाळावा लागतो. कारखान्याची खाती एकट्या हिशेबनिसाच्या डोक्यात असू नयेत. तो आजारी पडला किंवा नोकरी सोडून गेला, तर विवरणे थांबतात आणि माल फाटकातच अडकतो. सामायिक तिजोरीत प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच प्रवेश द्यावा, आणि माणूस गेला की त्याला ठाऊक असलेले शब्द बदलावेत. घरातही मुख्य शब्द लिहून, पाकीट मोहोरबंद करून, महत्त्वाच्या कागदांजवळ ठेवावा. कर्त्या माणसामागे कुटुंबाला दाराबाहेर उभे राहावे लागू नये.

भट्टीपुढे आठ तास घाम गाळणाऱ्या कामगाराला यातले गणित कळण्याची गरज नाही. पण त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचे खातेही आज एका परवलीच्या शब्दामागेच आहे. तो शब्द दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या वहीत लिहून ठेवलेला असेल, तर त्याच्या म्हातारपणाची किल्लीही तेथेच पडून आहे. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडवले जाण्याची आशा पहिल्या काही तासांतच अधिक असते. त्याहून चांगले हे की सुटीच्या एखाद्या दिवशी, घरातील लिहित्यावाचत्या मुलीला जवळ बसवून, त्याने पहिला वेगळा शब्द त्या खात्याला द्यावा, आणि दुसरा बँकेला.