अरक्कल घराणं : तीन कथा आणि एक गादी

केरळच्या जुन्या घराण्यांपैकी आज कन्नूरच्या अरक्कलबद्दल बोलू. केरळातलं हे एकमेव मुस्लिम राजघराणं, आणि तरी इथे वारसा आईकडून चालतो. घरात वयाने जो सगळ्यात मोठा, तो गादीवर. पुरुष असला तर अली राजा, स्त्री असली तर अरक्कल बीवी.

हे झालं कसं? मुळाबद्दल तीन कथा सांगतात. एक म्हणते, चेरमान पेरुमाळ राजाच्या बहिणीचा मुलगा मुसलमान झाला, तो मूळ पुरुष. दुसरी म्हणते, कोलत्तिरी राजाच्या एका नायर सरदाराने इस्लाम स्वीकारला आणि राजघराण्यातली मुलगी केली. तिसरी लोकांच्या विशेष आवडीची. चिरक्कलच्या तळ्यात राजकन्या बुडत होती. एका मुस्लिम तरुणाने तिला बाहेर काढलं, अंगावर पांघरायला आपलं वस्त्र दिलं. तिकडे पुरुषाने स्त्रीला वस्त्र देणं म्हणजेच लग्न! मग राजाने दोघांना घर आणि जमीन दिली.

इतिहास म्हणून यातली एकही कथा मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तिन्ही शेजारी ठेवून बघा. बहीण, राजकन्या, पुन्हा राजकन्या. धर्म कुठून आला हे कथा सांगतात, पण राज्याचा हक्क मात्र प्रत्येक वेळी बाईकडून येतो. ‘मरुमक्कत्तायम’ म्हणतात ती हीच रीत : पुरुषाचा वारस त्याचा मुलगा नव्हे, भाचा. उत्तर मलबारातल्या नायरांची ही पद्धत तिथल्या अनेक मापिळा मुस्लिम कुटुंबांनीही ठेवली. मला वाटतं, व्यापारासाठी महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्यांना घर बायकांच्या हाती असणं सोयीचंच होतं.

आणि समुद्र हाच या घराण्याचा खरा आधार. मल्याळमात ‘आळि’ म्हणजे समुद्र (आपली गल्लीतली आळी नव्हे), म्हणून अली राजा हा मुळात ‘आळि राजा’, समुद्राचा राजा, असंही काही जण मानतात. 1505 साली पोर्तुगीजांनी कन्नूरला किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मिरी-वेलदोड्याच्या व्यापारात तिथले मापिळा व्यापारी जोरात होते. अरक्कलची सत्ता याच व्यापारातून वाढली. पुढे लक्षद्वीपची बेटं कोलत्तिरीकडून त्यांच्या ताब्यात आली, आणि तिथल्या काथ्याच्या व्यापाराची मक्तेदारीही. बेटावरच्या माणसाने काथ्या वळायचा, आणि भाव कन्नूरच्या वाड्याने ठरवायचा. हा जाच इतका झाला की अमिनदिवी गटातली बेटं बंड करून 1787 मध्ये टिपूकडे गेली.

त्याआधी, 1772 मध्ये, अरक्कलने तोच कन्नूरचा किल्ला डचांकडून विकत घेतला होता. तो जेमतेम अठरा वर्षं टिकला. 1790 मध्ये इंग्रजांनी घेतला, तेव्हा गादीवर बीवी होती.

आज राज्य नाही. अरक्कलकेट्टु या वाड्याच्या एका भागात संग्रहालय आहे. घराण्याचा प्रमुख मात्र अजून त्याच जुन्या रीतीने ठरतो.