मुलाचा दमा : धाप आणि सूज

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते वाचनालयात आणि मालकांशी वाटाघाटी करताना. तरी या विषयावर बोलायला उभा आहे, कारण माझ्या मुलीला सहाव्या वर्षी दमा जडला आणि तिच्या उपचारात एक मोठी चूक माझ्याच हातून झाली.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, सर्दी असे काही निमित्त झाले की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि मूल धापा टाकू लागते. म्हणजे सूज रोजची, धाप प्रसंगाची. म्हणून औषधेही मुख्यतः दोन जातींची. साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करते. काही मिनिटांत आराम पडतो, पण तो चार-सहा तासांपुरता. सूज तशीच राहते. ब्युडेसोनाइडसारखे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड सूज उतरवते. त्याला अवधी लागतो, आणि ते नेमाने घ्यावे लागते.

संप मिटला म्हणजे मागण्या मिटल्या असे नव्हे, हे मी कामगारांना जन्मभर सांगत आलो. घरी मात्र विसरलो. मुलीला चार महिने धाप लागली नाही, तेव्हा रोजचा पंप मी आपल्या मनाने बंद केला. पावसाळा लागला आणि एका मध्यरात्री तिला उचलून इस्पितळात न्यावे लागले.

पंप मी बंद केला तो भीतीपोटी. शेजारी म्हणत, सवय लागते, उंची खुंटते. ही भीती तराजूत घालून पाहू. या औषधाचे व्यसन लागत नाही. उंचीचा आक्षेप मात्र अगदीच पोकळ नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी काही वर्षे ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची उंची, न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. एका पारड्यात एवढे. दुसऱ्यात बुडालेली शाळा, मोडलेली झोप आणि प्रसंगी प्राणही. म्हणूनच औषध टाकायचे नसते. दमा ताब्यात राहील अशी कमीत कमी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची असते.

‘पंप जालीम, गोळी सौम्य’ हा समजही उफराटा आहे. पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असते. २ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या वीसपट, आणि ते सबंध अंगात फिरते. लहान मुलाला पंप स्पेसर लावून द्यावा. म्हणजे औषध घशात कमी साचते, छातीत अधिक उतरते.

मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादेत जिवंत माशातून दम्याचे औषध देतात. हजारो लोक रांगा लावतात. थकलेल्या आईबापांच्या आशेला मी हसणार नाही. पण त्यापायी चालू पंप कोणी बंद करू नये.

डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. हे औषध सुजेवर की धापेवर? मात्रा कमी करून केव्हा पाहायची? झटका आला तर घरी काय करायचे? मात्र मुलाला बोलताना वाक्य पुरे करता येत नसेल, बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर विचार करीत बसू नका. धापेचा पंप देत देत इस्पितळ गाठा.

तोंडी करारावर आम्ही युनियनवाले विसंबत नाही. डॉक्टरांची उत्तरेही कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरात सर्वांना दिसेल असा लावा.